वर्तुळे पुष्कळ, रेषा मुक्या

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी गेल्या काही वर्षांत 'अभ्यासिका' नावाची एक नवी संस्था रुजली आहे. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या माडीवर लांबट खोली, लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक दिवा आणि एक खुर्ची. महिन्याचे शुल्क भरून तरुण मुलेमुली सकाळपासून रात्रीपर्यंत तेथे मान खाली घालून बसलेली असतात. पूर्वी वाचनालयात थोर पुरुषांच्या तसबिरी आणि 'शांतता राखा' अशी पाटी असे. तसबिरी आणि पाटी आजही आहेत. पण त्यांच्या शेजारी प्रत्येक खणाच्या फळीवर आणखी एक गोष्ट चिकटवलेली दिसते. मधोमध एक वर्तुळ, त्यातून चहूकडे फुटलेल्या रंगीत रेषा, रेषांच्या टोकांशी लहान वर्तुळे आणि त्यांतून निघालेल्या आणखी रेषा. मुले याला 'माइंड मॅप' म्हणतात. मराठीत त्याला विचारचित्र म्हणावे, अशी माझी सूचना आहे. मनाचा नकाशा म्हटले की काही तरी योगसाधनेचा प्रकार असावा असे वाटते.

परवा अशाच एका अभ्यासिकेत राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने आपले विचारचित्र मोठ्या हौसेने दाखविले. मध्यभागी 'भारतीय संविधान', एका फांदीवर 'आणीबाणी', तिला तीन डहाळ्या : अनुच्छेद ३५२, ३५६ आणि ३६०. दुसऱ्या बाजूला 'केंद्र-राज्य संबंध' ही फांदी. या दोन फांद्यांना जोडणारी एक तुटक रेषा होती. चित्र सुबक होते, अनुच्छेदही बरोबर होते. मी त्या तुटक रेषेवर बोट ठेवून विचारले, ''ही रेषा काय म्हणते?'' मुलगा थोडा गोंधळला आणि म्हणाला, ''सर, दोघांचा संबंध आहे.'' संबंध आहे हे तर रेषा पाहूनच कळते. कोणता, हा प्रश्न होता. आणीबाणीच्या काळात केंद्राचे अधिकार राज्यांच्या क्षेत्रात पसरतात, हे एवढेसे वाक्य त्या रेषेवर असावयास हवे होते. ते नव्हते, कारण ती रेषा त्याने काढलीच नव्हती. मोबाइलवरील एका कार्यक्रमात त्याने विषयाचे नाव घातले आणि अर्ध्या मिनिटात सगळे चित्र आयते बाहेर पडले. त्याने ते छापून घेतले आणि फळीवर चिकटविले, इतकेच.

हे सांगण्यात त्या मुलाला उणे लेखण्याचा हेतू नाही. साधन नवे आहे, मोफत आहे आणि सगळेच ते वापरीत आहेत. पण साधन कशासाठी जन्मले आणि आपण ते कशासाठी वापरतो, याचा हिशेब शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी एकदा तरी मांडावयास हवा.

विचारचित्राचा गवगवा केला तो टोनी बुझान या इंग्रज गृहस्थाने. १९७४ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर 'युज युवर हेड' ही त्याची मालिका झाली आणि मधून बाहेर फांद्या फुटणारी ही आकृती घराघरांत पोहोचली. त्याचे नियम साधे होते : कागद आडवा धरा, विषय मध्यभागी, एका फांदीवर एकच शब्द, रंग भरपूर. स्मरणाला याची मदत होते यात शंका नाही. पण त्याच सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्याचे सहकारी वेगळ्याच अडचणीत सापडले होते. लहान मुलांना विज्ञान कितपत कळते हे पाहण्यासाठी त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या. त्यांचा ढीग साचला आणि मुलाच्या डोक्यात नेमके काय बदलले हे त्या ढिगातून दिसेना. तेव्हा, १९७२ साली, त्यांनी संकल्पनाचित्राची पद्धत काढली. तिच्यात चौकटींना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेवर शब्द लिहावा लागतो, बहुधा क्रियापद, अशा रीतीने की चौकट, रेषा आणि चौकट सलग वाचली म्हणजे एक वाक्य व्हावे. 'माती' आणि 'पाणी' यांना नुसते जोडून भागत नाही. माती पाणी धरते, की सोडते, की खारवते, हे सांगावे लागते. सांगता आले नाही तर ते आपल्याला ठाऊक नाही, हे तिथल्या तिथे उघडे पडते. पहिली पद्धत आठवणीसाठी आहे, दुसरी समजुतीसाठी. आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ झाली आणि नाव तेवढे पहिलीचे राहिले.

संगणकावरील साधनांविषयी थोडक्यात सांगावयास हवे, कारण अनेक शाळांतून 'परवडणार नाही' अशी समजूत आढळते. फ्रीमाइंड आणि तिच्यातून निघालेली फ्रीप्लेन या प्रणाली विनामूल्य आहेत, जुन्या संगणकावरही चालतात, आणि एक कळ दाबली की नवी फांदी, दुसरी दाबली की शेजारची फांदी, असा त्यांचा सोपा कारभार आहे. सारी फांदी मिटून ठेवता येते आणि हवी तेव्हा उलगडता येते. कागदाला हे साधत नाही. नोव्हाकच्या पद्धतीसाठी सीमॅप नावाची निराळी प्रणाली आहे, तीही फुकट. मराठी या सर्वांत चालते, मात्र युनिकोडमध्ये लिहिले पाहिजे. आपल्या कचेऱ्यांतून अजून जुन्या टंकांत लिहिलेले कागद पडून आहेत. ते या साधनांत आणले की अक्षरांच्या जागी रोमन खिचडी उमटते, आणि मग दोष साधनाला दिला जातो.

आता एक शंका अशी येईल की हे सगळे परदेशी खूळ आहे. तसे म्हणणाऱ्याने जवळच्या तलाठ्याकडचा सातबारा जरा नीट पाहावा. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या वर्तुळाचे बोट धरून गाव नमुना ६ उघडला की जमीन वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीने, हे कळते. तेथून ८-अ कडे गेले की त्याच माणसाची गावातील बाकीची जमीन दिसते. वर्तुळ आणि त्यातून निघणारी वाट, ही कल्पना आमच्या महसूल खात्यातल्या कारकुनाला बुझानने शिकवावी लागली नाही. शिवाय येथे वर्तुळ मुके नाही : ते ज्या नोंदीकडे नेते तिच्यात 'वारसाने', 'खरेदीखताने' असा संबंध शब्दांत लिहिलेला असतो. वारस नोंदीच्या वेळी काढलेली वंशावळही तशीच. तिच्यातील एक रेषा चुकली तर कोर्टात पिढ्या जातात, म्हणून रेषेचे मोल आमच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आणखी मागे जावयाचे तर याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरास जावे. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडून विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून, तेराव्या शतकात 'लीळाचरित्रा'त एकत्र केल्या. पुढे केशिराजबासांनी त्यांतील स्वामींची वचने निवडून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. वचने सुटी झाली की पाठांतराला सोपी होतात. पण कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून ती उच्चारली गेली, हा धागा तुटतो. महानुभावांना हा धोका दिसला असला पाहिजे, कारण सूत्राचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' त्यांनी रचले. सुटे सूत्र आणि त्याचा प्रसंग यांना जोडणारी रेषा त्यांनी ग्रंथरूपाने जपली. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला जे सुचले ते आजच्या फळीवरील चित्रात सुटून जावे, याचे वाईट वाटते.

आणि ज्ञानकोशकार केतकर तर आपलेच. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले आणि डॉक्टरेट त्यांनी मिळविली ती कॉर्नेल विद्यापीठातच, नोव्हाकच्या कितीतरी आधी, १९११ साली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. येथे मी रेषा काढणार नाही. पण केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'ची जी रचना केली ती या विषयात फार बोलकी आहे. कोश म्हटला की अकारविल्हे यादी. केतकरांनी तशी यादी सहाव्या खंडापासून सुरू केली. त्याआधीचे पाच खंड प्रस्तावनेचे : 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. तेवीस खंडांच्या ग्रंथाला पाच खंडांची प्रस्तावना ही त्या वेळी पुष्कळांना चैन वाटली असेल. मला ती गरज वाटते. वर्णमाला ही विद्येची क्रमवारी नव्हे. 'अ'पासून सुरू होणाऱ्या दोन विषयांचा परस्परांशी संबंध नसतो आणि ज्यांचा असतो ते दहा खंडांच्या अंतरावर जाऊन पडतात. म्हणून आधी सगळ्या प्रदेशाचे चित्र, मग यादी. संगणक नव्हता, रंगीत पेन्सिली नव्हत्या. होती ती एका माणसाची सगळे एकत्र पाहण्याची जिद्द आणि तिच्यापायी घरोघर भाग खपवीत हिंडण्याची तयारी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या बृहत्कोशासाठी १९४८ पासून जमविलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांकडे पाहिले तरी हेच दिसते की शब्द गोळा करणे हे काम मोठे असले तरी अर्धेच आहे. त्यांना लावून घेणे हे उरलेले.

म्हणजे परंपरा आहे. मग मुलाच्या हाती मुकी रेषा का आली? याचे एक कारण आपल्या परीक्षेत आहे असे मला वाटते. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि प्रश्नपत्रिकेत 'संकल्पनाचित्र पूर्ण करा', 'आकृतिबंध पूर्ण करा' असे प्रश्न रूढ झाले. भाषेच्या प्रश्नपत्रिकेचे तर नावच 'कृतिपत्रिका' झाले. हेतू चांगला होता. घोकंपट्टीने लिहिलेल्या दोन पानी उत्तरांपेक्षा मुलाने उतारा वाचून त्याची बांधणी ओळखावी, हा विचार कोणीही मान्य करील. प्रत्यक्षात झाले असे की मधले वर्तुळ भरलेले, भोवतालची चार वर्तुळे रिकामी, रेषा आधीच काढलेल्या. मुलाने उताऱ्यातले चार शब्द उचलून चार वर्तुळांत ठेवावयाचे. वर्तुळे किती असावीत हे ठरविले दुसऱ्याने, कोण कोणाला जोडावयाचा हेही दुसऱ्यानेच. विचार करण्याची जी मुख्य जागा, ती कागद छापणाऱ्याने स्वतःकडे ठेवली आणि मुलाला गाळलेल्या जागा दिल्या. मार्गदर्शकांतून भरलेली वर्तुळे विकत मिळू लागली आणि एक चक्र पुरे झाले. तपासणाऱ्या शिक्षकाची अडचण मी समजू शकतो : एकेका गठ्ठ्यात शेकडो कागद असताना प्रत्येक मुलाने आपल्या मनाने काढलेले वेगवेगळे चित्र तपासावयाचे कसे? पण ही अडचण परीक्षेची आहे, वर्गाची नव्हे. वर्गात कोरा कागद द्यावयास कोणाची आडकाठी आहे?

कोऱ्या कागदावर काय होते ते आपल्याच भागातील विषय घेऊन पाहू. मध्यभागी लिहा : 'खारे पाणी'. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे आणि दर्यापूर तालुका त्याच्या पोटात आहे. येथल्या मुलाला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. पहिली फांदी विहिरीची : पाणी आहे पण ओलिताला चालत नाही. दुसरी मातीची : भारी काळी चिकण माती, पावसात चिखल, उन्हात भेगा, पाण्याचा निचरा नाही. तिसरी पिकांची : कपाशी, तूर, मूग आणि ओलाव्यावर येणारा हरभरा, सगळा भरवसा पावसावर. चौथी पिण्याच्या पाण्याची : सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून नळाने येणारे गोडे पाणी. पाचवी आरोग्याची, मूत्रपिंडाच्या तक्रारींची. सहावी शेततळ्यांची, आणि २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पाची, ज्यात या पट्ट्यातील गावे मुद्दाम घेतली गेली.

येथवर ही यादीच आहे, फक्त गोल मांडलेली. खरे काम यापुढे. 'माती' आणि 'विहीर' यांमधल्या रेषेवर काय लिहावे? विहिरीचे खारे पाणी दिले तर माती आणखी बिघडते, म्हणजे 'बिघडवते'. 'माती' आणि 'पीक' यांमध्ये? निचरा नसल्यामुळे जोराच्या पावसात पिकाची मुळे 'गुदमरवते'. आणि 'माती' व 'शेततळे' यांमध्ये? येथे मूल थबकते, कारण आतापर्यंत मातीने सगळीकडे वाईटच केलेले असते. पण जी चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही, तीच तळ्यात साठलेले पावसाचे गोडे पाणी 'धरून ठेवते'. एकाच गुणाला दोन रेषांवर दोन वेगळी क्रियापदे मिळतात. मग तिसरा प्रश्न आपोआप येतो : तळे किती खोल खणावे? फार खोल गेले आणि खालच्या खाऱ्या पाण्याशी गाठ पडली, तर सगळेच मुसळ केरात. ही समजूत आयत्या चित्रातून येत नाही. रेषेवर शब्द शोधताना जी खोळंब्याची दोन मिनिटे जातात त्यांत ती येते. यंत्राने ती दोन मिनिटेच वाचविली, आणि आपण त्याचे आभार मानले.

हाच विषय सरकारदरबारी कसा असतो हेही पाहण्यासारखे आहे. नळयोजना पाणीपुरवठ्याच्या फाइलीत, शेततळे कृषी खात्याच्या, मूत्रपिंड आरोग्य विभागाच्या, विहीर आणखी कोणाच्या. प्रत्येक फाइल आपापल्या जागी चोख; पण खारे पाणी ही एक गोष्ट आहे, हे कोणत्याच टेबलावर दिसत नाही. कारकुनाला यासाठी दोष देता येणार नाही. त्याला शिकविलेली सहा गठ्ठे पद्धत कागद कोठे ठेवावा हे उत्तम सांगते : चालू प्रकरण, प्रतीक्षेतले प्रकरण, स्थायी आदेश, अभिलेखागारात जाणारे, नष्ट करावयाचे. कागदाचा कागदाशी काय संबंध, हे सांगणे तिचे काम नव्हे. ते संबंध कारकुनाच्या डोक्यात असतात आणि उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला की डोक्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जातात. नव्या माणसाला मिळते कार्यभाराची यादी : इतक्या संचिका, इतक्या नोंदवह्या, कपाटाच्या किल्ल्या दोन. कोणते प्रकरण कोणत्या निकालासाठी अडले आहे, कोणत्या पत्राचे उत्तर आल्याशिवाय कोणते देयक काढू नये, कोणत्या वर्षीच्या परिपत्रकाने कोणते जुने परिपत्रक मारले, हे त्याला वर्षभर ठेचा खाऊन कळते. आणि त्या ठेचा त्याला लागत असल्या तरी दुखणे खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की या साधनाचा उपयोग विद्यार्थ्यांच्याही आधी कचेरीत करून पाहावा. बदलीवर निघालेल्या कारकुनाने यादीबरोबर आपल्या टेबलाचे एक चित्र करून द्यावे : चौकटी प्रकरणांच्या, आणि रेषांवर 'याच्या निकालावर अवलंबून', 'याने रद्द', 'याची प्रत तिकडे', असे शब्द. दोन दुपारी पुरतील. फुकटची प्रणाली आहे, संगणक आहेच. आणि वीज नसेल तर पाठकोरा कागदही चालेल. हे करण्यास शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. उलट, निर्णय निघाला तर त्याचा ठराविक नमुना येईल आणि नमुन्यात चार रिकामी वर्तुळे असतील, ही भीती आहे.

विद्यार्थ्यांपुढे तर आता निकडीचा प्रसंग आहे. लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा अनेक वर्षे पर्यायी उत्तरांची होती. ती वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाल्यावर तो पुढे ढकलावा म्हणून २०२३ च्या आरंभी पुण्यात मुले रस्त्यावर आली, आणि २०२५ पासून नवी पद्धत लागू झाली. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय झालेल्या मुलाला आता तीन तासांत पानेच्या पाने सलग लिहावयाची आहेत. विचारचित्राची लाट अभ्यासिकांतून आली ती या धास्तीपायी. धास्ती खरी आहे; पण चित्र हे उत्तर नव्हे. चित्रात सगळे एकदम दिसते, लिहिताना मात्र एकामागून एकच वाक्य येऊ शकते. सहा फांद्यांपैकी आरंभ कोठून करावा, कोणती मागे ठेवावी, कोणती अजिबात सोडून द्यावी, हे चित्र सांगत नाही. ज्याने रेषांवर शब्द लिहिले आहेत त्याची निम्मी वाक्ये तयार असतात, त्याला फक्त क्रम लावावयाचा असतो. ज्याच्या रेषा मुक्या आहेत तो परीक्षेच्या दालनात वर्तुळे आठवीत बसतो आणि 'या दोघांचा जवळचा संबंध आहे' असे लिहून पुढे जातो. पेपर तपासणाऱ्याला असली वाक्ये दुरून ओळखू येतात.

तंत्राने आयते चित्र काढून देऊ नये, असा माझा आग्रह नाही. काढले तर ते पडताळणीसाठी वापरावे, आपले चित्र आधी करून. गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानावर उत्तरे असतात, पण कोणी शहाणा शिक्षक मुलांना तेथून सुरुवात करा असे सांगत नाही.

त्या मुलाकडे आठवड्याने पुन्हा गेलो. फळीवरचे छापील चित्र तसेच होते. परंतु त्याने रेषांवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहावयास घेतले होते. अकरा रेषांवर शब्द आले होते. दोन रेषा त्याने काट मारून रद्द केल्या होत्या, कारण पुष्कळ शोधूनही त्यांवर लिहिण्यासारखे काही सापडले नाही, आणि पुस्तकातही सापडले नाही. आणीबाणीच्या तुटक रेषेवर त्याने आधी एक शब्द लिहिला होता, तो खोडून दुसरा लिहिला होता, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह ठेवले होते.